भोकं नसलेली जाळी

वसईजवळच्या उमेळ्याला खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी मला आत घेतलं नाही. ओट्यावरच उभं केलं आणि माझ्या सामानाकडे बोट दाखवून विचारलं, "हे काय आहे?"

"सामान," मी म्हणालो.

"सामान ही वस्तू नाही. सामान हा आळस आहे. ही वळकटी, ही ट्रंक, हा स्टोव्ह. आणि त्या पिशवीत?"

"पुस्तकं."

"बांधीव की सुटी?"

मी साताऱ्याकडचा. आमच्याकडे भाडेकरूला जात विचारतात, गाव विचारतात, दारू पितो का ते आडून विचारतात. पुस्तकांची बांधणी कुणी विचारत नाही. मी म्हणालो, बहुतेक बांधीव आहेत. त्यावर त्यांचा चेहरा उजळला आणि खोली मला मिळाली.

त्यांना सगळं गाव काका म्हणायचं, मीही म्हणू लागलो. तीस वर्षं त्यांनी एका कस्टम्स क्लिअरिंग एजंटाकडे काढली होती. परदेशातून आलेला माल बंदरातून सोडवायचा तर आधी तो माल म्हणजे नेमकी कोणती वस्तू हे सरकारला सांगावं लागतं. त्यासाठी एक जाडजूड पुस्तक असतं. जगातल्या यच्चयावत वस्तू त्यात शंभराच्या आतल्या प्रकरणांत बसवलेल्या असतात. कुठल्या वस्तूला कुठल्या घरात बसवायचं हे ठरवणं, हे काकांचं काम. ते पुस्तक घरीही होतं, खाकी कागदाचं कव्हर घातलेलं, दिवाणखान्यात लाकडी ठवणीवर उघडं ठेवलेलं. येणारा पाहुणा पोथी समजून आधी हात जोडायचा. काका त्याला थांबवत नसत.

"पहिल्या प्रकरणात जिवंत जनावरं," ते मला एकदा कौतुकाने दाखवत होते, "आणि शेवटच्यात चित्रं, मूर्ती, शंभर वर्षांहून जुन्या वस्तू. मधे सगळं जग. फक्त माणूस कुठेच नाही."

"का बरं?"

"म्हणून तर त्याचा एवढा घोळ आहे."

पुस्तकातल्या जवळजवळ प्रत्येक यादीच्या शेवटी 'इतर' असा एक रकाना असतो. कुठेच न बसणारी वस्तू त्यात टाकायची. काकांचा या शब्दावर दात होता. 'इतर' म्हणजे हात टेकणं, असं ते म्हणत. लग्नाच्या आहेराच्या यादीत कुणी 'व इतर मंडळी' लिहिलं की ते यजमानाला गाठून 'इतर'मधल्या प्रत्येकाचं नाव विचारत. त्यांनी नोकरी सोडली तीही यावरूनच. मालकाने कुठल्याशा यंत्राच्या सुट्या भागांना घाईने 'इतर' लिहून काकांना सही करायला सांगितलं. काकांनी पेन टेबलावर ठेवलं, डबा उचलला आणि घरी आले. काकू सांगायच्या, "भर दुपारी आले. मला वाटलं, कुणी गेलं. म्हटलं, काय झालं? तर म्हणाले, 'इतर झालं.'"

काकू हसतमुख आणि नवऱ्याच्या बाबतीत अनुभवी होत्या. "आमचं लग्न ठरताना," त्या म्हणाल्या, "माझे वडील म्हणाले, मुलगी बोलकी आहे. तर ह्यांनी विचारलं, 'म्हणजे नेमकी किती?' वडील म्हणाले, 'जावईबापू, ते तुम्हालाच मोजावं लागेल.' तेव्हापासून मोजतायत."

निर्मळहून एक केळीवाला सायकलवर यायचा. मागे घडांची टोपली, हँडलला केळफुलं लटकवलेली. काका त्याला दर खेपेला अडवत.

"हे फूल म्हणून देतोस की भाजी म्हणून?"

पहिल्या वर्षी तो बिचारा गोंधळायचा. मी राहायला आलो तोपर्यंत तयार झाला होता. "तुमी काय करनार त्याचं, काका?"

"भाजी."

"मंग भाजी. देवाला वाहनार असाल तं फूल."

"शाबास," काका म्हणायचे, आणि माझ्याकडे वळून, "बघा, हा एकही बुक न वाचता मुख्य उपयोगाचा नियम लावतो."

मोठेपणाची त्यांना ॲलर्जी होती. माझी आणि त्यांची मैत्री झाली ती त्यामुळे. आचोळ्याला एका नव्या इमारतीच्या उद्घाटनाला आम्ही दोघं गेलो होतो. बाग तोडून बांधलेल्या इमारतीला 'वनश्री' नाव दिलेलं होतं. व्यासपीठावर पाहुण्यांपेक्षा हार जास्त होते. निवेदकाने मुख्य पाहुण्यांची ओळख 'समाजरत्न' अशी करून दिली. काका तिसऱ्या रांगेतून उभे राहिले.

"एक खुलासा हवा होता. रत्न म्हणजे नैसर्गिक, की कारखान्यात घडवलेलं? दोन्हीचं प्रकरण एकाहत्तरच, पण रकाने वेगळे."

पाहुण्यांनी तो प्रश्न स्तुती समजून हात जोडले. आम्हाला मात्र त्यानंतर अल्पोपाहार मिळाला नाही.

माझी नोकरी तेव्हा वसईतल्या एका कोळंबीच्या शेडमध्ये होती. कोळंबी सोलायची, धुवायची, बर्फात गोठवून तिच्या लाद्या करायच्या आणि परदेशी पाठवायच्या. सोलायला नव्वद बायका होत्या, बहुतेक पाचूबंदरच्या कोळीवाड्यातल्या. मी कागदपत्रं सांभाळायचो आणि त्या बायकांना फिलोमिना सांभाळायची. हीही पाचूबंदरचीच, पंचेचाळिशीची, भरदार आवाजाची कोळीण. घरोघर फिरून तिनेच या बायका आणल्या होत्या. उन्हात बोंबील वाळवणाऱ्या, टोपली घेऊन बाजार गाठणाऱ्या बायकांना तिने शब्द दिला होता की इथे बारा महिने काम आहे. त्या शब्दावर अर्ध्याजणींनी आपल्या बाजारातल्या जागा दुसऱ्यांना देऊन टाकल्या होत्या. बाजारातली जागा एकदा गेली की परत मिळत नाही.

आणि मग परदेशात एका लादीत केस सापडला.

एकच केस, पण लांब आणि काळा. खरेदीदाराने आधी त्याचा फोटो पाठवला, मग कडक पत्र. त्यांचा तपासनीस येऊन शेड बघणार होता. प्रत्येक बाईच्या डोक्यावर एकदा वापरून फेकून द्यायचं आवरण हवं. नसेल तर सोलण्याचं काम बंद, कोळंबी सालासकट घेऊ. सालासकट म्हणजे नव्वद बायका घरी. आवरणं आमच्याकडे तेव्हा सहज मिळत नव्हती, म्हणून खरेदीदाराने स्वतःच खोके पाठवले. मऊ, पांढरी, कडेला इलॅस्टिक असलेली, डोक्यावर फुगणारी ती आवरणं. खोके बंदरात आले आणि तिथेच अडकले. तपासनीस यायला बारा दिवस उरले होते.

कारण होतं एक शब्द. पाठवणाऱ्याने बिलावर लिहिलं होतं: 'डिस्पोजेबल प्रोटेक्टिव्ह हेडवेअर'. संरक्षक शिरोवस्त्र. फाइल कस्टमच्या ज्या अप्रेझरकडे, म्हणजे मालाचा वर्ग तपासणाऱ्या अधिकाऱ्याकडे, गेली त्याने 'संरक्षक' वाचलं आणि पुस्तकात बघितलं. संरक्षक टोप्या म्हणजे हेल्मेटच्या वर्गातल्या. त्यांना टिकाऊपणाचा दाखला लागतो. त्याने लिहून पाठवलं: आघात सहन करण्याच्या चाचणीचं प्रमाणपत्र सादर करावं.

शेडच्या क्लिअरिंग एजंटाला हे फार अवघड वाटलं नाही. "दाखला ना? मिळेल. एकजण आहे हेल्मेटवाला, लेटरहेडवर देईल. हेल्मेट म्हणून सोडवू, नाव काही असो. दोन दिवसांचं काम."

मी संध्याकाळी ओट्यावर बसून हे काकांना सांगितलं. सांगायला नको होतं, असं मला लगेच वाटलं. त्यांनी माझ्याकडचे नमुने मागितले. खरेदीदाराने आधी पाकिटातून दोन पाठवले होते, ते माझ्या पिशवीत होते. काकांनी एक उलगडलं, उजेडासमोर धरलं, ताणलं, हुंगलं.

"पासष्टावं प्रकरण," ते म्हणाले. "पण सहा नाही. पाच."

"म्हणजे?"

"पासष्ट-सहा म्हणजे हेल्मेट. पासष्ट-पाचमध्ये शेवटी एक ओळ आहे: केसांच्या जाळ्या, कोणत्याही पदार्थाच्या. ही केसांची जाळी आहे."

"काका, ही काही का असेना. दोन दिवसांत सुटतायत."

"खोट्या दाखल्यावर."

"नव्वद बायकांचं काम आहे त्यावर!"

"आणि पुढच्या महिन्यात? ही फेकून द्यायची वस्तू आहे. दर महिन्याला नवे खोके येणार, दर महिन्याला हेल्मेट. एक दिवस कुणीतरी विचारणार की हा दाखला कुणी दिला. त्या दिवशी तुमचे खोके बंदरात कुजतील आणि बायका घरी बसतील. नाव एकदा चुकलं की चुकतच राहतं."

"आणि तोवर बारा दिवस गेले तर?"

"अकरा," काका म्हणाले. "आजचा संपला."

मी त्या रात्री त्यांच्याशी बोललो नाही. बरोबर असण्याची सवय लागलेल्या माणसाशी भांडण्यात अर्थ नसतो, आणि तो खरोखर बरोबर असला तर त्याहून नसतो. पण फिलोमिनाला सांगणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर स्वतःच उमेळ्याला आली. ओट्याच्या पायरीवर बसली आणि तिने सुरुवातच केली.

"काका, तुमी मना एक सांगा. हे जाळी हाय का?"

"हो."

"भोकं कुठं हायत?"

काकांनी मांडीवरच्या पुस्तकाचं पान उलटलं.

"आमच्या घरात आज्यापासून जाळी विनतात. भोकं नसलेली जाळी मी जन्मात पायली नाय. तो कस्टमवाला साहेब पन हेच विचारंल, न तुमी तोंडावर पडाल. तुमचं काय जातंय? जानार आमचं."

काकू आतून पाणी घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थबकल्या. बावीस महिने त्या घरात राहून काकांना कुणी असं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. काकांनी पुस्तक मिटलं. पुस्तक मिटलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो.

"बरं," ते म्हणाले. "तुम्ही सांगा. जाळी म्हणजे काय?"

"म्हंजे काय म्हंजे? जाळी म्हंजे जाळी."

"तसं नाही. लिहून द्यायचं असेल तर काय लिहाल?"

फिलोमिना वैतागली, पण विचारात पडली. हातातल्या हातात ती काहीतरी विणल्यासारखं करत होती.

"पायजे ते राहतं, नको ते जातं, ती जाळी."

"आणि भोक?"

"भोक काय, मासळीपरमानं. घोळीची येगळी, बोंबलाची येगळी. न जवळ्याची तर एवडी बारीक, लांबून बगाल तर लुगडं वाळत घातलंय असं वाटंल. हात लावला तरी भोक कळायचं नाय. पान्यात टाकली की कळतं. पानी जातं, जवळा राहतो."

काका ताडकन उठले. नमुना घेतला, काकूंच्या हातातला तांब्या घेतला आणि त्या आवरणात पाणी ओतलं.

पाणी तसंच राहिलं. एक थेंबही गेला नाही. पांढऱ्या वाडग्यात घेतल्यासारखं ते डुचमळत होतं.

फिलोमिना पदर तोंडाला लावून हसली. "घ्या. ही जाळी नाय, ही कळशी हाय."

मला वाटलं, संपलं. आता हेल्मेटवाल्याला फोन करावा. पण काका त्या पाण्याकडे बघत उभेच होते.

"पाणी नको आहे," ते सावकाश म्हणाले. "डोक्यावर पाणी नसतं. डोक्यावर काय असतं?"

"केस," फिलोमिना म्हणाली.

"केस राहायला हवेत. जायला काय हवं?"

"घाम," मी म्हणालो.

"वारा!" फिलोमिना म्हणाली. "वारा नाय गेला तर आमी बाया त्या बर्फात पन उकडून मरू."

काकांनी दुसरं, कोरडं आवरण तोंडावर धरलं आणि फुंकर मारली. फिलोमिनाच्या कपाळावरची बट हलली. मग त्यांनी काकूंना बोलावून त्यांच्या अंबाड्यातून एक केस मागितला. काकूंनी निमूटपणे उपटून दिला. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी याहून विचित्र वस्तू दिल्या असणार. केस आवरणात ठेवून काकांनी पुन्हा फुंकर मारली. बट हलली, केस जागचा हलला तरी आतच राहिला.

"वारा जातो, केस राहतो," काका म्हणाले आणि वहीत लिहून घेतलं. खाली फिलोमिनाचं पूर्ण नाव लिहिलं. 'व्याख्या देणाऱ्या' असं.

"माझं नाव कशाला?" ती दचकली.

"व्याख्या तुमची आहे."

सोमवारी काका आणि मी कस्टमच्या कचेरीत गेलो. नोकरी सोडल्यापासून काका तिथे गेले नव्हते. गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी, पिशवीत पुस्तक आणि उरलेला कोरडा नमुना. अप्रेझर तरुण होता, सभ्य होता आणि त्याच्या टेबलावर फाइलींचे तीन डोंगर होते. काकांना त्याने बसायला सांगितलं. काका उभेच राहिले.

"साहेब, आपण याला हेल्मेटमध्ये घातलंय."

"मी नाही घातलं. पाठवणाऱ्यानेच 'प्रोटेक्टिव्ह' लिहिलंय. संरक्षक म्हटलं की सहामध्ये जाणार."

"संरक्षक कुणाचं?"

"घालणाऱ्याचं. आणखी कुणाचं?"

काकांनी पिशवीतून नमुना काढला, डोक्यावर चढवला आणि इलॅस्टिक दोन्ही कानांमागे नीट बसवलं. मग टेबलावरचा काचेचा पेपरवेट उचलून साहेबाच्या हातात दिला, आणि टेबलावर डोकं टेकलं.

"मारा."

शेजारच्या टेबलांवरचे टाइपरायटर थांबले. चहावाला किटली हातात धरून दारात उभा राहिला.

"अहो, काय करताय? उठा."

"मारा ना. संरक्षक आहे."

"काका, प्लीज. लागेल तुम्हाला."

काका तसेच, डोकं टेकलेल्या अवस्थेत म्हणाले, "हे लिहून द्या. 'लागेल' एवढंच लिहा. बाकी मी बघतो."

कुणीतरी खळखळून हसलं. साहेबही हसला, पण त्याने हसू आवरलं, कारण माणूस भला होता आणि त्याचं काम त्याला करायचं होतं. काका सरळ उभे राहिले. डोक्यावर ते पांढरं फुगीर आवरण तसंच होतं, आणि त्यातून ते कुठल्याही व्यासपीठावरच्या फेटेवाल्यापेक्षा जास्त गंभीर दिसत होते.

"हे डोक्याचं कोळंबीपासून रक्षण करत नाही," ते म्हणाले. "कोळंबीचं डोक्यापासून करतं. संरक्षण आहे, पण माणसाचं नाही. म्हणून सहा नाही. पाच. केसांची जाळी."

साहेबाने पुस्तक उघडलं, ओळ वाचली, आवरण हातात घेतलं. उजेडासमोर धरलं.

"जाळी म्हणता. पण भोकं कुठे आहेत?"

मला वाटलं, आता तोंडावर पडणार. काकांच्या चेहऱ्यावर मात्र, जन्मात पहिल्यांदा प्रश्न आधीच माहीत असलेल्या विद्यार्थ्याचा आनंद पसरला.

"हा प्रश्न मला पाचूबंदरच्या बाईंनी विचारून झालाय," ते म्हणाले. "एक कागदाचा कपटा घ्या. हे आवरण तोंडावर धरून त्याच्यावर फुंका."

साहेबाने इकडेतिकडे बघितलं. मग फुंकलं. कपटा उडून फाइलींच्या मागे गेला.

"आता आत एक केस ठेवून फुंका."

"पुरे," साहेब म्हणाला. पण त्याने स्वतःच्या डोक्यावरचा एक केस काढला, आत ठेवला आणि पुन्हा फुंकलं. बराच वेळ तो आत बघत राहिला.

"वारा जातो, केस राहतो," काका हलक्या आवाजात म्हणाले. "जवळ्याची जाळी लांबून लुगड्यासारखी दिसते. म्हणून ती लुगडं होत नाही."

साहेब फाइल घेऊन वरिष्ठांकडे गेला. पाऊण तासाने आला तेव्हा त्याने एक अट सांगितली: पाठवणाऱ्याने लिहून द्यावं की 'प्रोटेक्टिव्ह'चा अर्थ खाद्यपदार्थाचं केसांपासून रक्षण एवढाच, आणि पुढच्या सगळ्या बिलांवर तसं वर्णन द्यावं. आम्ही परदेशी फॅक्स पाठवला. उत्तर यायला चार दिवस लागले. पहिले दोन दिवस फिलोमिना सारखी मला एकच प्रश्न विचारायची, "आला का कागद?" आणि मी तेच उत्तर द्यायचो. तिसऱ्या दिवसापासून ती प्रश्न न विचारता नुसती बघायची, ते जास्त वाईट होतं. मी दोनदा हेल्मेटवाल्याचा नंबर फिरवून फोन ठेवला. खोके शेडवर आले तेव्हा तपासनीस यायला एक दिवस उरला होता. फिलोमिनाने पहिला खोका स्वतः फोडला आणि बायकांना रांगेत उभं करून एकेकीचे केस आपल्या हाताने आत कोंबले.

तपासनीस उंच, गोरा आणि अबोल माणूस होता. दोन तास तो टेबलांमधून फिरला. नव्वद पांढरी डोकी खाली वाकून कोळंबी सोलत होती. एका टेबलापाशी तो थांबला, एका बाईच्या कानामागे बघितलं, पुढे गेला. फिलोमिना त्याच्यामागून चालत होती आणि तिचे हात पाठीमागे घट्ट बांधलेले होते. जाताना त्याने सही केली. सोलण्याचं काम चालू ठेवायला मंजुरी होती.

त्या संध्याकाळी मी अहवालाची प्रत घेऊन उमेळ्याला गेलो. फिलोमिना बरोबर होती, टोपलीत पापलेटं घेऊन. काकूंनी टोपली आत नेली. काकांनी प्रत घेतली, चष्मा लावला आणि वाचायला लागले. मी त्यांच्या तोंडून एक 'शाबास' ऐकायला आलो होतो. ते वाचता वाचता थांबले. एक ओळ मागे गेले. पुन्हा वाचलं.

"हे काय लिहिलंय त्याने?"

"काय?"

"सहाव्या मुद्द्यावर. 'प्रोटेक्टिव्ह हेडवेअर: समाधानकारक.'" त्यांचा आवाज दुखावलेला होता. "यांनीच फॅक्स पाठवला ना? यांच्याच कंपनीने लिहून दिलं ना? आणि यांचाच माणूस परत 'प्रोटेक्टिव्ह' लिहितो?"

"काका, हा कस्टमचा कागद नाही. त्याचा काही—"

"कागद कुणाचाही असो. शब्द चुकीचा आहे."

त्यांनी आतून लेटरपॅड मागवलं, पेन उघडलं आणि ओट्यावर बसून लिहायला घेतलं. 'महोदय, आपल्या अहवालातील सहाव्या मुद्द्याकडे आपलं लक्ष वेधू इच्छितो...' त्यांचं अक्षर सुंदर होतं. त्यांना थांबवणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं, हे मला बारा दिवसांत कळलं होतं.

फिलोमिना पायरीवर बसून ते अक्षर बघत होती. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण काय चाललंय ते तिला कळलं.

"काका, हे पत्र त्या गोऱ्याला जानार?"

"हो. चूक दुरुस्त करायला."

"मंग तो काय करंल?"

"अहवाल परत मागवील. दुरुस्त करून पाठवील."

"न दुरुस्त करायला परत येईल काय? परत सगळं बगंल?"

काकांचं पेन चालतच होतं. मग ते हळू झालं.

"येऊ शकतो," ते म्हणाले. खोटं बोलणं त्यांना येत नव्हतं.

"न परत बगताना एकीचा एक केस जरी भायेर दिसला..."

आतून पापलेटं तळल्याचा वास येऊ लागला होता. काका पत्राकडे बघत होते, त्यातल्या अर्ध्या वाक्याकडे, आणि अहवालातल्या त्या शब्दाकडे. मला त्यांचा चेहरा नीट आठवतो. एखाद्या माणसाला पायात रुतलेला काटा तसाच ठेवून चालायला सांगावं, तसा तो चेहरा होता.

मग काकांनी लेटरपॅडचं ते पान फाडलं नाही, चुरगळलंही नाही. नुसतं उलटं करून ठेवलं, आणि पेनाला टोपण लावलं.